बँक विलीनीकरणाचं विधेयक कसं वाचावं: हाँगकाँगची पद्धत, पायरीपायरीने

हाँगकाँगमध्ये प्रत्येक कायद्याला प्रकरण क्रमांक असतो. बँकिंगचा मुख्य कायदा म्हणजे प्रकरण १५५. ही यादी चाळत १००१ च्या पुढे गेलात की वेगळाच मुलूख लागतो. विद्यापीठं, चर्चच्या संस्था, धर्मादाय मंडळं आणि बँका, अशा एकेका संस्थेपुरते केलेले कायदे तिथे भेटतात. ११६७ क्रमांकावर आहे 'बँक ऑफ चायना (हाँगकाँग) लिमिटेड (विलीनीकरण) ऑर्डिनन्स', साल २००१. एकाच समूहातल्या दहा बँकांचे व्यवहार एका बँकेत आणण्यासाठी केलेला हा कायदा. तो सरकारने आणलेला नव्हता, एका सदस्याने मांडलेला होता.

मी बँकेच्या कामकाज विभागात बरीच वर्षं काढली. आपल्याकडच्या विलीनीकरणाच्या दोन रात्री संगणकासमोर जागून काढल्या. त्यामुळे हाँगकाँगच्या बँकेत नव्याने रुजू झालेली किंवा बँकिंग कायद्याचा अभ्यास करणारी आपली मुलं 'हे विधेयक वाचायचं कुठून?' असं विचारतात तेव्हा मला ते समजावून सांगावंसं वाटतं. असं विधेयक म्हणजे लाखो खातेदारांच्या सह्यांऐवजी सभागृहाने केलेली एकच सही. आपली सही कुठे कुठे धरली गेली आहे, ते शोधायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी तीन शब्द सोडवून घ्या

पहिला शब्द 'ऑर्डिनन्स'. आपल्या डोक्यात लगेच 'अध्यादेश' येतो, म्हणजे अधिवेशन नसताना राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा. हाँगकाँगमध्ये ऑर्डिनन्स म्हणजे सभागृहाने रीतसर तीन वाचनांनंतर संमत केलेला पक्का कायदा. या एका शब्दामुळे विद्यार्थ्यांची उत्तरंच्या उत्तरं चुकलेली मी पाहिली आहेत.

दुसरा शब्द 'सदस्याचं विधेयक'. आपल्याकडे विधिमंडळात याला अशासकीय विधेयक म्हणतात. मंत्री नसलेला सदस्य ते मांडतो. भारताच्या संसदेत असं विधेयक कायद्यात उतरल्याचं शेवटचं उदाहरण १९७० सालचं आहे, त्यामुळे 'अशासकीय' म्हटलं की ते नुसतं चर्चेपुरतं असतं असा आपला समज झाला आहे. हाँगकाँगच्या बँक विलीनीकरणाच्या बाबतीत तो समज बाजूला ठेवा. तिथे ही विधेयकं संमत होतात, आणि त्यांच्यावर बँका उभ्या राहतात.

तिसरा शब्द 'खासगी विधेयक'. कोण मांडतो याच्याशी त्याचा संबंध नाही, ते कोणासाठी आहे याच्याशी आहे. एका विशिष्ट व्यक्तीवर किंवा संस्थेवर परिणाम करणारं, तिला लाभ देणारं विधेयक ते खासगी. बँक विलीनीकरणाचं विधेयक सहसा दोन्ही असतं: सदस्याने मांडलेलं आणि एका बँकेपुरतं. म्हणून त्याला दोन्ही प्रकारांचे नियम लागू होतात.

सभागृहाचं नाव लेजिस्लेटिव्ह कौन्सिल. मराठीत 'विधान परिषद' म्हटलं की आपलं वरचं सभागृह डोळ्यांसमोर येतं, आणि तिथे सभागृह एकच आहे. म्हणून मी पुढे 'लेजको' म्हणते. तिथले लोकही तसंच म्हणतात.

कायदाच कशाला लागतो?

दोन कंपन्या एकत्र येतात तेव्हा आपल्याला वाटतं, मालकांनी ठरवलं की झालं. पण बँकेतली ठेव म्हणजे काय, ते बघा. तुम्ही बँकेत पैसे ठेवता तेव्हा बँक तुमची देणेकरी होते. ब्रिटिश परंपरेतल्या कायद्याचं जुनं तत्त्व असं की येणं दुसऱ्याच्या नावावर करता येतं, पण देणं परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. ज्याला ते द्यायचं आहे त्याची संमती लागते. म्हणजे 'क' बँकेने तुमची ठेव 'ख' बँकेकडे सोपवायची तर तुमची सही हवी, शेजारणीची हवी, आणि वीस वर्षांत पत्ता न बदललेल्या, कदाचित वारलेल्या खातेदाराचीही हवी. व्यवहारात हे अशक्य आहे.

नोकरीच्या कराराचंही तसंच. १९४० साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय) नोक्स विरुद्ध डॉनकास्टर अमॅल्गमेटेड कोलिअरीज या खटल्यात निकाल दिला. नोक्स हा खाणकामगार. त्याची कंपनी कोर्टाच्या आदेशाने दुसऱ्या कंपनीत सामावली गेली, आणि कामावर न आल्याबद्दल नव्या कंपनीने त्याच्यावर खटला भरला. लॉर्ड्सनी सांगितलं की माणसाचा नोकरीचा करार त्याला न विचारता असा हस्तांतरित होत नाही, आपण कोणाची चाकरी करायची हे निवडण्याचा हक्क माणसाला आहे. बँक विलीनीकरणाच्या कायद्यात कर्मचाऱ्यांवर स्वतंत्र कलम का असतं, याचं मूळ मला या खाणीत दिसतं.

कंपनी कायद्यातून वाट नाही का? थोडी आहे. हाँगकाँगचा नवा कंपनी कायदा ३ मार्च २०१४ पासून लागू झाला, आणि त्यात एकाच समूहातल्या कंपन्यांना कोर्टात न जाता एकत्र होण्याची सोय आली. पण ती तिथे नोंदलेल्या, पूर्ण मालकीच्या कंपन्यांपुरती. परदेशी बँकेची हाँगकाँगमधली शाखा ही वेगळी कंपनी नसतेच. म्हणून नंतरही मुख्यभूमी चीनच्या बँक ऑफ कम्युनिकेशन्सने शाखेचे किरकोळ ग्राहकांचे व्यवहार हाँगकाँगमध्ये नोंदलेल्या आपल्या बँकेकडे नेताना २०१७ मध्ये वेगळा कायदा करून घेतला, आणि २९ जानेवारी २०१८ ला नवी बँक सुरू झाली.

इथे एक मुंबईची आठवण. १८६४ मध्ये मुंबईतल्या भांडवलदारांचा चीनसाठी एक बँक काढण्याचा बेत होता. त्याची कुणकुण लागताच हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांनी घाईने स्वतःची बँक काढली. तीच आजची एचएसबीसी. ३ मार्च १८६५ ला ती उघडली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी स्वतंत्र ऑर्डिनन्स झाला. एका बँकेसाठी एक कायदा, ही चाल त्या शहरात तेव्हापासूनची आहे.

पहिली पायरी: विधेयकाबाहेरच्या परवानग्या ओळखा

नवखा माणूस इथे हमखास चुकतो. त्याला वाटतं, लेजकोने विधेयक संमत केलं म्हणजे विलीनीकरणाला मंजुरी मिळाली. प्रत्यक्षात विधेयक फक्त मालमत्ता, करार आणि देणी एका क्षणात पलीकडे नेतं. या दोन बँका एकत्र आल्यावर ठेवीदार सुरक्षित राहतील का, भांडवल पुरेसं आहे का, हे तपासण्याचं काम हाँगकाँग मॉनेटरी अथॉरिटीचं. म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेख खात्यासारखं. ती परवानगी वेगळी. बँक परदेशी असेल तर तिच्या मायदेशातल्या नियामकाची संमती वेगळी, आणि भागधारकांचे ठराव वेगळे.

म्हणून विधेयक हातात घेतलं की आधी एका कागदावर लिहा: कोणती बँक जाणार, कोणती राहणार, दोघींची मालक कोण, आणि त्यांचे नियामक कोण. राहणाऱ्या बँकेचं नाव नीट पाहा. २००१ च्या त्या कायद्यात वरकरणी 'बँक ऑफ चायना (हाँगकाँग)' ही नवी बँक दिसते. पण कायद्याच्या नजरेत ती जुनी पो सांग बँक होती. तिचंच नाव बदललं आणि बाकीच्यांचे व्यवहार तिच्यात आले. समूहातल्या बारांपैकी नानयांग आणि चियू या दोन बँका विलीन झाल्याच नाहीत, त्या उपकंपन्या म्हणून राहिल्या. दुकानावरची पाटी पाहून निष्कर्ष काढू नका, ते यासाठी.

दुसरी पायरी: मांडण्याआधीची कागदपत्रं पाहा

सदस्याला विधेयक मांडायचा अधिकार आहे का, हे हाँगकाँगच्या बेसिक लॉच्या, म्हणजे तिथल्या राज्यघटनेसारख्या मूळ कायद्याच्या, ७४ व्या अनुच्छेदावरून ठरतं. सार्वजनिक खर्च, राजकीय रचना किंवा सरकारचं कामकाज यांच्याशी संबंध नसलेलं विधेयक सदस्य मांडू शकतो. सरकारी धोरणाशी संबंध येत असेल तर चीफ एक्झिक्युटिव्हची, म्हणजे हाँगकाँग सरकारच्या प्रमुखाची, लेखी संमती आधी घ्यावी लागते. बँक विलीनीकरणाचं विधेयक खर्चात पडत नाही, आणि ही वाट मोकळी राहिली ती त्यामुळेच.

मसुदा बँकेचे वकील करतात. हे मनात पक्कं ठेवा. ज्या बँकेला कायदा हवा आहे, तीच त्याचे शब्द लिहून आणते. मग सरकारचा विधी मसुदाकार तो नियमांप्रमाणे आहे की नाही ते पाहून प्रमाणपत्र देतो. मजकूर चिनी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत असतो. खासगी विधेयक असल्यामुळे त्याची सूचना सरकारी गॅझेटमध्ये आणि वर्तमानपत्रांत आधी छापावी लागते. तुम्हाला हरकत घ्यायची असेल, नुसता प्रश्न विचारायचा असेल, तरी तुमचं घड्याळ त्या सूचनेपासून चालू होतं. शाखेतून पत्र येईल म्हणून थांबलात तर पत्र येतं, पण तोवर बहुतेक कायदा झालेला असतो.

मसुद्याच्या शेवटी एक कलम शोधा: बेसिक लॉ आणि इतर कायद्यांखालच्या केंद्रीय सत्तेच्या आणि हाँगकाँग सरकारच्या हक्कांना या कायद्याने बाधा येणार नाही. खासगी विधेयकात ते असावंच लागतं. वसाहतीच्या काळात तिथे राजमुकुटाचे हक्क लिहिले जायचे. पंधरा सेकंदांत वाचून पुढे जा.

तिसरी पायरी: सभागृहातली वाट

पहिलं वाचन म्हणजे नुसतं नाव वाचणं. दुसऱ्या वाचनात सदस्य हेतू सांगतो आणि चर्चा तहकूब होते. मग विधेयक हाउस कमिटीकडे, म्हणजे सदस्यांच्या कामकाज समितीकडे जातं. तिथे ठरतं की यासाठी विधेयक तपासणारी वेगळी बिल्स कमिटी नेमायची की तशीच पुढची चर्चा घ्यायची. समिती नेमली तर तिची कागदपत्रं हा तुमचा सर्वांत मोठा खजिना. सदस्यांनी विचारलेले प्रश्न, बँकेने दिलेली लेखी उत्तरं, मॉनेटरी अथॉरिटीची भूमिका हे सगळं तिथे असतं आणि लेजकोच्या संकेतस्थळावर वाचता येतं. विधेयकाच्या मजकुरापेक्षा आधी हे वाचा, असं मी सांगेन. कुठे शंका निघाली ते कळलं की मजकुरात कुठे बघायचं ते कळतं.

मग उरलेलं दुसरं वाचन, संपूर्ण सभागृहाच्या समितीत कलमवार तपासणी, आणि तिसरं वाचन. सभागृहाची मुदत संपली तर अर्धवट राहिलेलं विधेयक बाद होतं, म्हणून वकील तारखांची फार काळजी घेतात.

मतदानात एक मेख आहे. सरकारी विधेयकाला हजर असलेल्यांचं साधं बहुमत पुरतं. सदस्याच्या विधेयकाला सभागृहाचे दोन गट पाडून दोन्ही गटांत बहुमत लागतं. २००१ मध्ये सभागृह साठ जणांचं होतं. एका गटात व्यवसायनिहाय मतदारसंघांतले तीस, दुसऱ्या गटात भौगोलिक मतदारसंघांतले आणि निवडणूक समितीने (म्हणजे ठरावीक प्रतिनिधींच्या मंडळाने) निवडलेले मिळून तीस. आता समजा, पन्नास जण हजर आहेत. पहिल्या गटात २७, त्यांतले २० बाजूने. दुसऱ्या गटात २३, त्यांतले ११ बाजूने आणि १२ विरुद्ध. एकूण ३१ विरुद्ध १९, तरी विधेयक पडलं! २०२१ च्या बदलांनंतर सभागृह नव्वद जणांचं झालं आणि गटांची विभागणी बदलली. आता निवडणूक समितीचे चाळीस एकीकडे आणि बाकीचे पन्नास दुसरीकडे. दोन्हींकडे बहुमत हा नियम तसाच आहे.

मांडणारा सदस्य कोण, हेही बघा. अशी बरीच विधेयकं अर्थक्षेत्राच्या जागेवर निवडून आलेल्या सदस्यांनी मांडली. त्या जागेवर १९९८ ते २०१२ डेव्हिड ली होते, आणि ते त्याच काळात बँक ऑफ ईस्ट एशियाचे प्रमुखही होते. नियमांप्रमाणे सदस्याला बोलण्याआधी आपला आर्थिक संबंध उघड करावा लागतो, आणि थेट आर्थिक हितसंबंध असेल तर मतदानावर बंधनं आहेत. पद्धत उघड आहे, हे मान्य. तरी मला वाटतं की बँकेने लिहिलेला मसुदा बँकिंग क्षेत्राचाच प्रतिनिधी मांडतो तेव्हा खातेदाराच्या बाजूने प्रश्न विचारणारं कोणीतरी समितीत असायलाच हवं. समितीच्या कागदपत्रांत ते माणूस शोधा.

संमत झाल्यावर चीफ एक्झिक्युटिव्हची सही, गॅझेट, आणि बीजिंगला चीनच्या संसदेच्या स्थायी समितीकडे नोंदीसाठी प्रत.

चौथी पायरी: कलमं. इथे सावकाश

या कायद्यांचा साचा जवळपास ठरलेला आहे. एक नीट वाचलात की बाकीचे सोपे जातात.

सुरुवातीची उद्देशिका म्हणजे बँकेची कैफियत: आम्ही कोण, एकत्र का येतोय, आणि कायद्याशिवाय ते अवघड का आहे. त्यानंतर व्याख्या. व्याख्यांत 'वगळलेली मालमत्ता आणि देणी' हा शब्दप्रयोग शोधा. जे जे पलीकडे जाणार नाही, ते तिथे असतं. कोणतीही वस्तू पुढच्या कलमांत सापडली नाही की इथे परत या.

मग मुख्य कलम: ठरलेल्या वेळेला जुन्या बँकेचा सगळा कारभार, हक्क आणि देणी आपोआप नव्या बँकेकडे जातात, जणू सुरुवातीपासून सगळे करार नव्या बँकेशीच झाले होते. या 'जणू'मध्ये तुमची सही आहे. खातं त्याच अटींवर नव्या बँकेत जातं. पण त्याच कलमाच्या शेपटीला एक वाक्य असतं, आणि ते बहुतेक जण वाचत नाहीत: खात्याच्या अटी बदलण्याचा दोन्ही बाजूंचा पूर्वीचा हक्क तसाच राहील. म्हणजे जुना व्याजदर, जुनं सेवाशुल्क कायमचं राहील अशी हमी कायदा देत नाही. पूर्वी जशी नोटीस देऊन बँक शुल्क वाढवू शकत होती, तशी नवीही वाढवेल. मुदत ठेवीचं ठरलेलं व्याज मात्र मुदत संपेपर्यंत करारात बांधलेलं असतं. तो फरक बोट ठेवून समजून घ्या.

पुढचं उपकलम सूचनांचं. तुम्ही जुन्या बँकेला दिलेल्या स्थायी सूचना, मुखत्यारपत्र, संयुक्त खात्याची सहीची पद्धत हे सगळं नव्या बँकेला दिल्यासारखं धरलं जातं. जुन्या बँकेवर काढलेला चेक नव्या बँकेवर काढल्यासारखा. लॉकरमधली आणि सुरक्षित ठेवीतली कागदपत्रं नव्या बँकेच्या ताब्यात, त्याच जबाबदारीवर.

तारणाच्या कलमापाशी मी नेहमी पेन काढते. घर गहाण असेल तर गहाणाचा हक्क नव्या बँकेकडे जातो, तोच प्राधान्यक्रम घेऊन. मात्र तुमचं दोन्ही बँकांत काही असेल, एकीत ठेव आणि दुसरीत कर्ज, तर आता दोन्ही एकाच बँकेत आलं. पूर्वी 'क' बँकेचं कर्ज थकलं तर 'ख' बँकेतल्या ठेवीला हात लावता येत नव्हता. आता बँकेला वजावट करता येईल का, आणि एकीकडचं तारण दुसरीकडच्या जुन्या कर्जाला लागू होतं का, याचं उत्तर त्या विशिष्ट कायद्याच्या शब्दांत आणि तुमच्या करारात शोधावं लागतं. गॅझेटमधली सूचना दिसताच बँकेला हा एक प्रश्न लेखी विचारा.

कर्मचाऱ्यांच्या कलमात नोकरी अखंड धरली जाते आणि भविष्य निर्वाह निधी चालू राहतो. जुन्या बँकेचे संचालक मात्र आपोआप नव्या बँकेचे संचालक होत नाहीत. चालू असलेले खटले थांबत नाहीत, फक्त पक्षकाराचं नाव बदलतं. ग्राहकाची माहिती नव्या बँकेला देणं म्हणजे गोपनीयतेचा भंग नव्हे असंही लिहिलेलं असतं. माहिती मागण्याचा, दुरुस्त करण्याचा तुमचा हक्क नव्या बँकेपुढेही टिकतो की नाही, ते तिथेच तपासा. मृत्युपत्रात जुनी बँक व्यवस्थापक म्हणून नेमली असेल तर तिथे नवी बँक वाचायची. आणि हे सगळं झालं याचा पुरावा? कायद्याची छापील प्रत. कोर्टात तीच पुरते.

एक मर्यादा आपल्या लोकांसाठी महत्त्वाची. हाँगकाँगचा कायदा हाँगकाँगच्या हद्दीबाहेरची जमीन हलवू शकत नाही. तिथल्या बँकेकडे पुण्यातला फ्लॅट तारण असेल तर ते तारण नव्या बँकेच्या नावावर करायला भारतीय कायद्याप्रमाणे वेगळी कारवाई लागेल.

पाचवी पायरी: ठरलेला दिवस आणि तुमच्या हातातली कामं

कायदा संमत होतो तो दिवस आणि विलीनीकरण होतं तो दिवस वेगळे असतात. तारीख सहसा बँकेचे संचालक ठरवतात आणि गॅझेटमधून जाहीर होते. तारखा बोलक्या असतात. बँक ऑफ चायना (हाँगकाँग) १ ऑक्टोबर २००१ ला, म्हणजे राष्ट्रीय दिनी. स्टँडर्ड चार्टर्डची हाँगकाँग शाखा तिथे नोंदलेल्या बँकेत गेली ती १ जुलै २००४ ला, तीही सुट्टी. (ही तीच चार्टर्ड बँक, जिने १८५८ मध्ये मुंबईत शाखा उघडली आणि १८५९ मध्ये हाँगकाँगमध्ये.) काउंटर बंद असताना हिशेब हलवणं सोपं जातं. आपल्याकडे १ एप्रिल निवडतात तोही असाच दिवस.

कायद्याने सगळं 'जणू' जुळलं तरी यंत्रणेत जुळतंच असं नाही. आमच्या शाखेत एक काका यायचे. घरमालकाला त्यांनी पुढच्या तारखांचे सहा चेक देऊन ठेवले होते. विलीनीकरणानंतर जुने चेक अमुक तारखेपर्यंत चालतील असं बँकेने कळवलं होतं, पण ते पत्र गेलं त्यांच्या जुन्या पत्त्यावर. पाचवा चेक परत आला. काउंटरवर ते तो चेक दोन्ही हातांनी धरून उभे होते. घडीच्या जागी मऊ झालेला कागद, वर व्यवस्थित सही. 'सही माझीच आहे हो,' एवढंच म्हणत होते. सही बरोबरच होती. त्या चेकचा नमुना बाद झाला होता. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगते: दिलेल्या पुढच्या तारखांच्या चेकची यादी करा आणि ते आधी बदलून घ्या. पत्ता आणि फोन नंबर अद्ययावत करा. आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांची यादी करा. विलीनीकरणाच्या आदल्या दिवसाचं खातेपत्रक छापून ठेवा.

ठेव विम्याची मर्यादाही पाहा. हाँगकाँगमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एका बँकेत एका ठेवीदाराला आठ लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत संरक्षण आहे. विलीन झालेल्या दोन्ही बँकांत ठेवी असतील तर पहिले सहा महिने दोन्हीकडचं संरक्षण वेगळं धरलं जातं. रक्कम विभागून ठेवायची असेल तर त्या सहा महिन्यांतच.

आपल्याकडे हे विधेयक का शोधू नये

हे वाचून कोणी लोकसभेच्या संकेतस्थळावर बँक विलीनीकरणाचं अशासकीय विधेयक शोधायला जाईल, म्हणून सांगते. स्वतंत्र कायदा करून बँका जोडणं आपल्याकडेही झालं आहे. १९२० च्या इम्पीरियल बँक ऑफ इंडिया कायद्याने बंगाल, मुंबई आणि मद्रास या तीन इलाख्यांच्या बँका २७ जानेवारी १९२१ ला एक केल्या. आता मात्र कायदा एकदाच केलेला आहे आणि प्रत्येक विलीनीकरणासाठी त्याखाली योजना काढली जाते. दोन खासगी बँका स्वखुशीने एकत्र येतात तेव्हा बँकिंग नियमन कायद्याचं कलम ४४ क, भागधारकांचं दोन तृतीयांश मूल्याचं बहुमत आणि रिझर्व्ह बँकेची मंजुरी. अडचणीतल्या बँकेसाठी कलम ४५. राष्ट्रीयीकृत बँकांसाठी १९७० आणि १९८० च्या कायद्यांचं कलम ९.

सिंगापूरच्या डीबीएस या एकाच बँक समूहाची दोन विलीनीकरणं शेजारी ठेवून पाहा. हाँगकाँगमध्ये दाओ हेंग, क्वाँग ऑन आणि ओव्हरसीज ट्रस्ट बँक एकत्र आणताना सदस्याचं विधेयक आलं, सूचना छापली गेली, वाचनं झाली आणि २१ जुलै २००३ ला विलीनीकरण झालं. भारतात लक्ष्मी विलास बँकेवर १७ नोव्हेंबर २०२० ला निर्बंध आले, पंचवीस हजारांची मर्यादा लागली, योजनेचा मसुदा त्याच दिवशी जाहीर झाला. हरकती पाठवायची मुदत होती २० नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाचपर्यंत. २७ तारखेला बँक डीबीएस बँक इंडियात विलीन झाली आणि जुन्या भागधारकांचं भांडवल शून्य झालं. ठेवीदारांचे पैसे वाचले, आणि बुडणाऱ्या बँकेत घाई करावी लागते हे मला मान्य आहे. पण बोलायला मिळाले ते जेमतेम तीन दिवस.

म्हणून भारतात खातं असेल तर विधेयकाची वाट पाहू नका. रिझर्व्ह बँकेची प्रसिद्धिपत्रकं आणि राजपत्रातली योजना वाचा. योजनेतही तेच शब्द असतात: ठरलेली तारीख, वगळलेल्या बाबी, जणू. हाँगकाँगचा एक ऑर्डिनन्स पेन्सिल घेऊन वाचला असेल, तर त्या तीन दिवसांतल्या पहिल्याच संध्याकाळी तुमची हरकत लिहून तयार असेल.